नवे प्रतिजैविक औषध : प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

न्यूमोनिया, क्षय, विषमज्वर यांसारख्या जंतुजन्य रोगांवर प्रतिजैविक औषधांनी गेल्या शतकात मोठा विजय मिळविला. परंतु या औषधांना न जुमानणारे जंतू आता जगभर बळावत आहेत. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मग नवी औषधे लवकर का येत नाहीत, असा प्रश्न उद्भवणे स्वाभाविक आहे. सरकारी परवानगीतच सारा काळ जातो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

नियमनाची गरज

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुरोधक औषध गोड द्रवाच्या रूपात विक्रीस आले. औषध गुणकारी होते; पण ते ज्या द्रवात विरघळविले होते, ते डायएथिलीन ग्लायकॉल विषारी होते. विक्रीपूर्वी त्याची सुरक्षितता तपासलीच गेली नव्हती. शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत अनेक बालके होती. सुरक्षितता दाखविल्याविना नवे औषध विकता येणार नाही, असा कायदा तेथे पुढच्याच वर्षी झाला. भारतात १९४० च्या औषध कायद्याने नियमनाचा पाया घातला.

काळ कोठे जातो?

नव्या औषधाची परीक्षा प्रथम प्रयोगशाळेत व प्राण्यांवर होते. तद्नंतर माणसांवरील चाचण्यांचे तीन टप्पे येतात. पहिल्यात थोड्या निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षितता पाहतात. दुसऱ्यात काही रुग्णांवर मात्रा व गुण अजमावतात. तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन प्रचलित औषधाशी तुलना करतात.

महाराष्ट्रातील वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले नॅफिथ्रोमायसिन हे याचे बोलके उदाहरण होय. न्यूमोनियावरील या औषधाचा उपचार तीन दिवसांचा आहे. परंतु ते सिद्ध होण्यास सुमारे १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये लागले. आरंभीच्या चाचण्या अमेरिका व युरोपात, तर तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतात झाली. २०२५ च्या प्रारंभी त्यास मंजुरी मिळाली.

अर्जाच्या निर्णयाची मुदत

या तुलनेत अर्जावरील निर्णयाचा काळ अल्प असतो. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी देशात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जासाठी ३० कामकाजाचे दिवस, तर नव्या औषधाच्या मंजुरीसाठी ९० कामकाजाचे दिवस अशी मुदत ठरविली. अर्जात त्रुटी आढळल्यास ती दूर होईपर्यंतचा वेळ अर्थातच वाढतो.

घाई की सावधगिरी?

बेडाक्विलीन या क्षयरोगावरील औषधाच्या शोधाची माहिती २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्याचा अमेरिकेतील अर्ज जून २०१२ मध्ये दाखल झाला आणि डिसेंबरात मंजूर झाला. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण दगावत असल्याने तिसऱ्या टप्प्याची वाट न पाहता ही त्वरित मंजुरी दिली गेली. मात्र दुसऱ्या टप्प्यातील एका चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी १०, तर न घेणाऱ्यांपैकी २ रुग्ण मरण पावले होते. म्हणून ठळक इशारा छापणे व पुढील चाचण्या करणे बंधनकारक झाले. भारतातही २०१६ मध्ये ते प्रथम मुंबईसह मोजक्याच शहरांतील सहा केंद्रांत, देखरेखीखाली देण्यात आले. पुढील अनुभव आश्वासक ठरल्यावर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास प्रमुख औषधांत स्थान दिले. घाई करावी लागलीच, तर ती अटींसह करावी, हा यातील बोध होय.

गावाची जबाबदारी

जे औषध घडविण्यास दशकाहून अधिक काळ लागतो, ते गैरवापराने थोड्या वर्षांत निकामी होऊ शकते. विषाणूमुळे होणाऱ्या साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविके विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. चिठ्ठीविना औषध मागू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊ नयेत व सांगितलेला उपचार मध्येच सोडू नये, या तीन गोष्टी शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगितल्या, तर आज हाती असलेली औषधे दीर्घकाळ उपयोगी राहतील.