लेक कारखान्यात शिकायला जाते तेव्हा

मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली. हप्त्यांचा हिशेब मिटला, तेव्हा आमच्यातल्या एकीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. म्हणाली, "पोरगी केमिकल इंजिनिअरिंग शिकती. आता कॉलेज म्हणतंय, दोन महिने कारखान्यात जा. तिचे वडील विचारतेत, शिकायला पाठवलंय का कामाला?"

कागद इंग्रजीत होता. आम्ही तो जाणत्यांकडून वाचून घेतला, चार ठिकाणी विचारले. जे कळले ते आज सांगतो.

कागदावरच्या ट्रेनिंग, इंटर्नशिप या शब्दांनी घाबरू नका. ही नोकरी नाही. हा अभ्यासाचाच भाग आहे, आणि त्याचे गुण असतात.

पण वर्ग आणि प्रयोगशाळा असताना कारखाना कशाला? हे आपल्याइतके कुणाला कळायचे! घरच्या पातेल्यात पाव किलो तांदळाचा भात कुणालाही जमतो. लग्नातल्या दहा किलोच्या भाताला आचारी लागतो. खाली करपतो, मध्ये कच्चा राहतो. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आत माल आठपट मावतो, पण भांड्याचे अंग चारपटच वाढते. उष्णता आतबाहेर जाते ती त्या अंगातूनच.

आता चुनकळीवर पाणी टाकल्यावर काय होते ते आठवा. चूल नसताना उकळते. कितीतरी रसायने अशीच एकत्र आली की तापतात. काचेच्या छोट्या भांड्यात ती उष्णता निघून जाते. हजारो लिटरच्या भांड्यात ती कोंडते, म्हणून भांड्याभोवती थंड पाणी फिरवावे लागते. ते पाणी थांबले तर काय करायचे, कोणती तोटी आधी बंद करायची, हे पुस्तकात वाचून हातात येत नाही.

म्हणून मुलगी तिथे पाइपांच्या मागे मागे फिरते आणि कोणता पाइप कुठून कुठे जातो त्याचा नकाशा काढते. ऑपरेटरसोबत उभी राहून तापमान आणि दाब वहीत लिहिते. किती माल आत गेला, किती बाहेर आला, उरलेला कुठे गेला, याचा हिशेब मांडते. आपल्या गटाच्या रोजकीर्दीसारखेच समजा.

आपल्या मराठवाड्यात याचे चांगले उदाहरण आहे. मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी १९३३ साली सुरू झाली. तिची शाखा २०१८ पासून जालन्याला आहे. बारावीनंतरचा तिथला पाच वर्षांचा केमिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम असा बांधला आहे की काही महिने वर्ग आणि काही महिने कारखाना, असे आलटून पालटून चालते. परभणीहून जालना रेल्वेने थेट आहे.

कारखाने मात्र बहुतेक लांबच. वाळूज, कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर. जवळचे हवे असेल तर साखर कारखाना विसरू नका. रस आटवणे, साखरेचे दाणे पाडणे, मळीपासून अल्कोहोल काढणे, ही सगळी केमिकल इंजिनिअरिंगचीच कामे. गाळप चालू असताना जाणे बरे. हंगाम संपल्यावर यंत्रे दुरुस्तीला उघडलेली असतात. तेही बघण्यासारखे, पण साखर बनताना दिसत नाही.

एक वाईट अनुभवही सांगतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी अशीच गेली होती. कारखान्याचे नाव इथे घेत नाही. तिला महिनाभर ऑफिसात बसवून झेरॉक्स काढायला लावल्या. प्रमाणपत्र मिळाले, प्लांट दुरूनच पाहिला. म्हणून जाण्याआधीच कॉलेजला विचारायचे: तिथे शिकवणार कोण? कोणत्या विभागात? मधून कॉलेजचे सर येऊन बघणार का? अपघात विमा कुणी काढलाय? राहायची सोय काय, रात्रपाळी आहे का, असली तर ने-आण कोण करणार? हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

सुरक्षेचे शिक्षण पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजे. हेल्मेट, चष्मा, बूट. डोळे धुण्याचा नळ कुठे आहे. वारा कोणत्या दिशेला वाहतो हे दाखवणारी कापडी पिशवी कुठे लावली आहे. वायू गळला तर वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडायचे असते. १९८४ मध्ये भोपाळला रात्री वायू सुटला, तेव्हा कारखान्याशेजारच्या वस्तीतल्या लोकांना कुठे पळावे हेही ठाऊक नव्हते.

पैशांचे म्हणाल, तर शिकत असताना कारखाना काही देईलच असे नाही. पदवी किंवा डिप्लोमा झाल्यावरची शिकाऊ उमेदवारी वेगळी. तिला कायद्याने विद्यावेतन आहे. २०१९ च्या नियमांत ते पदवीला किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये महिना ठरले. या दोन्हींची गल्लत करू नका.

आणि जी भीती आपण उघड बोलत नाही, तिच्याबद्दलही बोलू. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समितीत कोण आहे, त्यांचा नंबर काय, हे मुलीने पहिल्या दिवशीच लिहून घ्यावे, आणि एक प्रत आईकडे ठेवावी.

त्या बाईच्या घरी हे प्रश्न वडिलांनीच कॉलेजात फोन करून विचारले. दोन उत्तरे लगेच मिळाली, विम्याचे आठ दिवसांनी. मग ते तिला सोडायला स्टेशनवर गेले. आईने सुती ड्रेस भरले होते, कारण प्लांटवर लोंबती ओढणी आणि बांगड्या चालत नाहीत. बांगड्या तिने काढून आईच्या हातात दिल्या. पहिल्या रविवारी फोन आला तेव्हा पोरगी सांगत होती, की अख्खा आठवडा एकाच पाइपाच्या मागे फिरले, आणि तो शेवटी कुठे जातो ते काल सापडले.