विरळ हवेंतील हृदय

इन्सुली हें सावंतवाडी व बांदा यांच्या दरम्यानचें गांव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अगदींच थोडी. तेथील एखादा तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रींत दाखल झाला, कीं आंबोलीचा घाट चढून बेळगांवच्या केंद्रांत जातो. सुमारें अडीच हजार फुटांच्या या चढणीची त्याचें हृदय दखलही घेत नाहीं. पुढें लडाखांत नेमणूक झाली म्हणजे मात्र गोष्ट निराळी. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेथें हवेचा दाब कोंकणच्या सुमारें दोन-तृतीयांश, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायुही तेवढाच.

प्रथम हृदयास एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जलद धडकणें. परंतु खरा ताण पडतो तो हृदयाच्या उजव्या बाजूवर. फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांची एक संवय आहे : ज्या भागांत प्राणवायु कमी, तेथील वाहिन्या आकसतात व रक्त चांगल्या भागाकडे वळवितात. सपाटीवर ही योजना मोठी शहाणपणाची. डोंगरावर सारेंच फुप्फुस उपाशी. तेव्हां रक्त वळवावयाचें तरी कोठें? सगळ्याच वाहिन्या आवळतात, त्यांतील दाब वाढतो, आणि उजव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या उजवीकडील खालच्या कप्प्याला, त्या दाबाविरुद्ध रक्त रेटावें लागतें. तिची भिंत मुळांत पातळ. तालमींत दंड भरावा तशी ती हळूहळू जाड होते.

या जाड होण्यालाही मर्यादा आहे. १९६२ च्या युद्धांत सैन्य घाईनें उंचावर न्यावें लागलें, आणि फुप्फुसांत पाणी भरण्याच्या विकाराकडे डॉक्टरांचें लक्ष वेधलें. १९९० सालीं एकवीस भारतीय सैनिकांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ५,८०० मीटरांहून अधिक उंचीवर कित्येक आठवडे राहिल्यानें त्यांचें उजवें हृदय थकलें होतें व अंगावर सूज आली होती. खालीं आणतांच ते सुधारले. स्नायु दमला होता, मेला नव्हता.

पिढ्यान् पिढ्या उंचावर राहिलेल्या शेर्पांच्या हृदयांत आणखी एक युक्ति आढळते. तें स्निग्ध पदार्थांपेक्षां साखर अधिक वापरतें. तेवढ्याच प्राणवायूंत साखरेपासून शक्ति थोडी अधिक मिळते. कोंकणच्या तरुणाजवळ हा वारसा नाहीं, त्याला सवड हवी. म्हणून लष्करानें मुक्काम ठरविले आहेत : नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत चार, त्यापुढें आणखी चार. माडावर सरसर चढणाऱ्या जवानालाही पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतींत काढावे लागतात.