स्पॅमची पारख : पत्त्यावरून की मजकुरावरून?

संगणकावर बसवलेल्या ईमेल प्रोग्रॅममध्ये नकोशा पत्रांविरुद्ध वापरकर्त्याच्या हाती सहसा दोन उपाय असतात. एक म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता 'ब्लॉक' करणे, आणि दुसरा म्हणजे ते पत्र 'जंक' असल्याची खूण करणे. पहिला उपाय अधिक ठाम वाटत असला तरी प्रत्यक्षात दुसराच अधिक टिकाऊ ठरतो, आणि त्याचे कारण ईमेलच्या मूळ रचनेत सापडते.

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेणारी एसएमटीपी ही नियमावली जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडली, तेव्हा जाळे मोजक्या संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते आणि परस्परविश्वास गृहीतच धरलेला होता. त्यामुळे पाठवणारा म्हणून जो पत्ता पत्रावर दिसतो, तो खरा आहे की नाही याची पडताळणी या नियमावलीत नव्हती. वास्तविक त्या विश्वासाला तडा त्याआधीच गेला होता, कारण ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली होती आणि तिच्यावर तक्रारींचा भडिमार झाला होता. आजचा स्पॅम पाठवणारा दर खेपेस नवा किंवा बनावट पत्ता वापरू शकतो, आणि म्हणून ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी कितीही वाढली तरी पुढचे पत्र तिच्याबाहेरच्याच पत्त्यावरून येते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या अलीकडच्या पद्धती पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आले आहे का हे तपासतात आणि तोतयेगिरीला बराच आळा घालतात. परंतु स्पॅम पाठवणाऱ्याने स्वतःचेच डोमेन रीतसर विकत घेतले, तर या परीक्षेत तोही उत्तीर्ण होतो.

पत्ता भरवशाचा नसेल तर मजकूर तपासणे ओघानेच येते. सुरुवातीचे फिल्टर ठरावीक शब्दांच्या यादीवर चालत असत, पण एखाद्या अक्षराच्या जागी आकडा घातला की यादीतला शब्द निसटत असे, आणि यादी कडक केली की कामाची पत्रेही अडकत असत. यातून वाट निघाली ती अठराव्या शतकातील गणितामुळे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक टॉमस बेझ यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती आलेल्या पुराव्यानुसार आधीचा अंदाज किती बदलावा, हे त्यातील सिद्धांत सांगतो. मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे तत्त्व स्पॅम ओळखण्यासाठी वापरून दाखवले, आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी लिहिलेल्या एका निबंधामुळे ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये सर्वदूर पोहोचले.

या पद्धतीत वापरकर्त्याने चांगली आणि जंक अशी विभागणी केलेली पत्रे घेऊन, प्रत्येक शब्द कोणत्या गटात किती वेळा येतो हे मोजले जाते. समजा, दोन्ही गटांत प्रत्येकी १,००० पत्रे आहेत आणि 'बक्षीस' हा शब्द ९० जंक पत्रांत व १० चांगल्या पत्रांत आला आहे. तर त्या शब्दाचा कौल जंकच्या बाजूने ०.९ इतका होतो. 'त्वरित' या शब्दाचा कौल ०.८ असेल आणि हे दोन्ही शब्द एकाच पत्रात आले, तर प्रथम ०.९ आणि ०.८ यांचा गुणाकार म्हणजे ०.७२, मग उरलेल्या ०.१ आणि ०.२ यांचा गुणाकार म्हणजे ०.०२ काढून, ०.७२ ला ०.७४ ने भागले जाते आणि उत्तर सुमारे ०.९७ येते. त्याच पत्रात 'इतिवृत्त' हा एरवी चांगल्या पत्रांतच आढळणारा, ०.१ कौलाचा शब्द असेल, तर एकूण कौल ०.८ पर्यंत घसरतो आणि तसाच आणखी एक शब्द मिळाला, तर तो ०.३१ च्या आसपास येतो. शब्द एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात हे यातले गृहीतक भाषेच्या दृष्टीने चुकीचे असले, तरी निवाड्यासाठी ते बहुधा पुरेसे ठरते.

ग्रॅहम यांनी प्रत्येक पत्रातील सर्वांत ठळक कौलाचे १५ शब्दच विचारात घेतले आणि चांगल्या पत्रांतील शब्दांची संख्या मुद्दाम दुप्पट धरली, कारण एखादे स्पॅम पत्र इनबॉक्समध्ये आल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा कामाचे पत्र जंकमध्ये हरवल्याने होणारे नुकसान मोठे असते. भडक लाल रंगासाठी वेबपानात लिहिला जाणारा 'एफएफ००००' हा संकेतही स्पॅमची पक्की खूण ठरतो, हे त्यांना मोजणीतूनच कळले. हाताने नियम लिहिणाऱ्याला ते सहसा सुचले नसते.

मोझिलाच्या १.३ या आवृत्तीत २००३ मध्ये असा फिल्टर आला आणि तो वारसा थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमकडे गेला. शिकलेल्या शब्दांची मोजणी हा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्याच संगणकावर 'ट्रेनिंग डॉट डॅट' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. याउलट आउटलुकचा जंक फिल्टर मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या अद्ययावत माहितीवर विसंबून होता, आणि नोव्हेंबर २०१६ पासून ती माहिती पुरवणे कंपनीने बंद केले.

मोजणी वैयक्तिक असणे हेच या पद्धतीचे खरे बळ आहे. डॉक्टरच्या पत्रव्यवहारात औषधांची नावे निरुपद्रवी असतात, तर इतर अनेकांच्या बाबतीत तीच नावे स्पॅमची खूण ठरतात. ज्याची कामाची पत्रे मराठीत आणि स्पॅम मुख्यतः इंग्रजीत येतो, त्याच्या फिल्टरला बहुतेक मराठी शब्द चांगल्या पत्राची साक्ष देतात. मात्र 'सभा', 'सभेला' आणि 'सभेचे' ही रूपे मोजणीत वेगवेगळे शब्द ठरत असल्याने अशा फिल्टरला शिकण्यासाठी अधिक पत्रे लागतात.

हे बळ कुठे तुटते, हेही तपासले गेले आहे. जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी २००४ मध्ये एमआयटीतील स्पॅम परिषदेत दाखवले की, पत्रात नुसते वाटेल ते शब्द भरल्याने चांगला शिकवलेला फिल्टर सहसा फसत नाही. परंतु कोणते पत्र इनबॉक्सपर्यंत पोहोचले हे पाठवणाऱ्याला कळू लागले, तर तो हजारो प्रयत्नांतून त्या विशिष्ट व्यक्तीचे 'चांगले' शब्द शोधून काढू शकतो. ही बातमी त्याला देतात ती पत्रातील दूरस्थ चित्रे, कारण पत्र उघडताच चित्र त्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते. थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम अशी चित्रे आपोआप न उघडता परवानगी विचारतात. ही परवानगी अनोळखी पत्राला न देणे, हा फिल्टरच्या संरक्षणाचाच भाग होय.

आज बहुतांश स्पॅम सेवादात्याच्या सर्व्हरवरच अडवला जातो आणि संगणकावरील फिल्टरच्या वाट्याला त्यातून निसटलेली पत्रे येतात. त्यांच्यावर जंकची खूण करणे जितके आवश्यक आहे, तितकेच जंकमध्ये चुकून गेलेले पत्र 'जंक नाही' असे नोंदवणेही आवश्यक आहे, कारण एकाच गटाची उदाहरणे मिळालेल्या फिल्टरला तुलनाच करता येत नाही. नियमित दुरुस्त केलेला फिल्टर न पाहिलेल्या पत्त्यावरून आलेले पत्रही ओळखू शकतो, आणि ब्लॉक केलेल्या पत्त्यांच्या कितीही लांब यादीला ते कधीच जमत नाही.