कामगाराचे घर : किंमत, कागद आणि शेजार



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत आहे. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण पाळी सुटल्यानंतरच्या वाचनावर आणि कामगारांच्या कागदांवर झाले. म्हणून विषयही मी कागदांचाच घेतला आहे. जन्मभर मजुरी करणाऱ्या माणसाला चार भिंतींचे, आपल्या हक्काचे, शांत वस्तीतले घर घेता येईल काय, आणि येत असेल तर ते कसे घ्यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न लाखनीत विचारण्यास कारण आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात बिड्या वळणाऱ्या बाया आहेत, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगेनीज खाणींत राबणारे मजूर आहेत, वरठीच्या पोलाद कारखान्यातले आणि गडेगावच्या मोटार कारखान्यातले कामगार आहेत. ह्यांपैकी कुणाला निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळते, कुणाच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येते, तर कुणी धान विकून आणि दागिना मोडून दोन-तीन लाख उभे करतो. ही रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. ती जर फसव्या प्लॉटात गेली, तर पुन्हा उभी राहत नाही. प्रश्न घराचा दिसतो. खरा पणाला लागलेला असतो तो तीस वर्षांचा घाम.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. स्वस्त घर आणि परवडणारे घर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वस्तपणा विकणाऱ्याच्या किमतीत असतो. परवडणे हे घेणाऱ्याच्या मिळकतीवर, कामाच्या जागेवर आणि कागदाच्या खरेपणावर ठरते. हमरस्त्यापासून आत, धानाच्या बांधीत पाडलेला प्लॉट स्वस्त असतो. परंतु आपला जिल्हा तलावांचा. जुन्या मालगुजारी तलावांचे आणि बोड्यांचे पाणी कोणत्या वाटेने उतरते हे पाहिल्यावाचून बांधीत घर बांधले, तर पहिल्याच श्रावणात घरमालक खाटेवर आणि पाणी खाटेखाली, अशी अवस्था होते. मग मुरूम टाका, जोते उचला, नाली काढा. स्वस्ताईतली सगळी बचत त्या मुरमाखाली गाडली जाते. म्हणून जागा उन्हाळ्यात पाहू नये. पावसाळ्यात पाहावी, आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारून पाहावी.

आता कागद. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेली ‘खरेदी’ आपल्याकडे सर्रास दिसते. माणूस तो कागद देवघरात ठेवतो. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदल्यावाचून पुरी होत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितले की, मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या करारावर मालकी मिळत नाही. नोटरी सहीची साक्ष देतो; मालकी देत नाही. हे एक वाक्य आमच्या प्रत्येक कामगाराने पाठ करावे. एकच प्लॉट अशा कागदांवर दोघांना विकल्याची प्रकरणे संघटनेच्या कचेरीत मी स्वतः हाताळली आहेत. दोघांच्या हाती कागद होते, दोघांनी पैसे मोजले होते, आणि जमीन मात्र तिसऱ्याच्याच नावावर होती.

मग पाहावे काय? सातबारा पाहावा, आणि तो आजचा पाहावा. त्यावरचे नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे का? मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची, म्हणजे बहिणींचीसुद्धा, नावे फेरफाराने चढली आहेत का? ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे का? जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर सरकारी परवानगीवाचून तिचा व्यवहार करता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही १९६६ च्या जमीन महसूल संहितेने असेच संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर लेआउट कुणी मंजूर केला, हे पाहावे. नकाशात रस्ता, नाली आणि मोकळी जागा दाखविलेली असली पाहिजे. नुसती चुन्याची फक्की मारून पाडलेले चौकोन म्हणजे लेआउट नव्हे.

बांधलेले घर किंवा मोठ्या योजनेतील प्लॉट घ्यायचा असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. ह्या कायद्याखाली येणाऱ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंद असावी लागते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. जो विकणारा ‘आज अर्धे पैसे द्या, कागद पुढच्या महिन्यात करू’ म्हणतो, त्याला नमस्कार करून उठावे. घर बाईच्या नावावर घेतले, तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ह्या सवलतीहून मोठा लाभ असा की, दारूपायी किंवा जामिनापायी घर गहाण टाकण्याचा घरधन्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

तिसरी बाब हप्त्याची. समजा, दहा लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने घेतले. वीस वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ९,००० रुपये पडतो. पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे १०,१५० रुपये. हप्त्यात फरक साडेअकराशेचा. पण वीस वर्षांत एकंदर फेड होते सुमारे २१ लाख ६० हजारांची, आणि पंधरा वर्षांत सुमारे १८ लाख २५ हजारांची. म्हणजे हप्ता थोडा हलका करून घेण्यासाठी आपण तीन लाखांहून अधिक रक्कम जास्त मोजतो. आणखी एक गोष्ट. हप्ता ओव्हरटाइम धरून ठरवू नये. साध्या पगारावर ठरवावा. ओव्हरटाइम मालकाच्या मर्जीवर असतो. हप्ता बँकेच्या तारखेवर असतो.

येथपर्यंत सांगितले ते एकट्याने सांभाळायचे. पण एकट्याच्या शहाणपणाला मर्यादा असते. गरिबाला चांगले घर मिळाले ते बहुधा एकत्र येऊनच मिळाले, असा इतिहास आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातील सहकारी घरबांधणीचा आरंभ तेथून धरतात. ती मध्यमवर्गीयांची होती. पण हीच वाट पुढे सोलापूरच्या बिडी कामगार स्त्रियांनी आपलीशी केली. कॉ. नरसय्या आडम ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि सोलापूरजवळ कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकर ह्यांचे नाव आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते ती घरे स्त्रियांना मिळाली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार स्त्रीचा वाटा, अशा तिघांच्या पैशातून ती झाली. त्यामागोमाग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. सरकारे बदलली, पक्ष बदलले. संघटना टिकली म्हणून घरे झाली.

ह्या उदाहरणातून दुसराही धडा घ्यावा. शहराबाहेर जमीन स्वस्त मिळते, पण बिडी वळणारी बाई जेथे सट्टेदाराकडून पाने-तंबाखू घेते आणि वळलेला माल देते, त्या जागेपासून घर दूर गेले तर तिचा दिवस वाटेतच सरतो. म्हणून घर मागताना त्याबरोबर बस, पाणी, शाळा, दवाखाना आणि काम हेही मागावे लागते. गावाबाहेर ओसाड जागी जी शांतता मिळते ती एकांताची. वस्तीची शांतता निराळी. रात्री-बेरात्री दार वाजले तर तो शेजारी असेल, जप्तीवाला नसेल, असा ज्या घरात भरवसा आहे, ती खरी शांत वस्ती होय.

परदेशाकडे पाहिले तरी हेच दिसते. हॉलंड म्हणजे कालव्याकाठची नीटनेटकी घरे, असे चित्र आपण कॅलेंडरवर पाहतो. पण ती टापटीप आपोआप आली नाही. १९०१ साली त्या देशाने गृहनिर्माणाचा कायदा केला, घराच्या बांधणीचे नियम करणे नगरपालिकांवर बंधनकारक केले, आणि नफा न घेणाऱ्या मान्यताप्राप्त गृहसंस्थांना सरकारी पैशाचे पाठबळ दिले. आजही तेथील एकूण घरांपैकी तीन-दशांशाच्या आसपास घरे अशा संस्थांची, माफक भाड्याची आहेत. तेथे घर विकत घेणाराला करार हाती पडल्यावर तीन दिवस विचार करण्याची मुभा कायद्याने असते. त्या मुदतीत कारण न देता त्याला माघार घेता येते. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होवो. आपण आपल्यापुरता तो आजपासून पाळण्यास कोणाची हरकत आहे? इसार देण्यापूर्वी तीन दिवस थांबा. पहिल्या दिवशी सातबारा आणा, दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन शेजाऱ्यांना विचारा, तिसऱ्या दिवशी घरातल्या बायकामाणसांसह हिशेब मांडा.

भोवतालच्या खेड्यांतील ज्यांना कर्ज झेपणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी १ लाख २० हजारांचे मूळ साहाय्य आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. ज्याला जागाच नाही त्याला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. ही भीक नव्हे. यादीत नाव आहे की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा आपला अधिकार आहे, आणि दहाजण मिळून विचारले म्हणजे उत्तर लवकर मिळते.

शेवटी एकच विनंती. लाखनीत कागद वाचून दाखविणारी मंडळी थोडी नाहीत. शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी दोन तास बसावे, आणि घर घेऊ पाहणाऱ्या मजुराचा सातबारा त्याला समजावून द्यावा. ह्याला इमारत नको, निधी नको, उद्घाटनही नको. सतरंजी आमची संघटना देईल.