ढगांत वाऱ्याचा हिशेब

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी अन्नपूर्णा भागातल्या गच्चीवर उभे राहावे. उत्तरेला, शहराच्या माथ्यावर, ढगांतून एकाएकी दिवे प्रकट होतात आणि विमान बिजासनच्या दिशेने, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाकडे उतरू लागते. पाहणाऱ्याला ते नाकासमोर सरळ चालले आहे असे वाटते. वस्तुतः आडवा वारा असला की त्याचे नाक धावपट्टीच्या रोखाने नसून किंचित वाऱ्याकडे वळलेले असते.

महेश्वरी नर्मदा ओलांडणारा नावाडी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटू नये. समोरचा काठ नेमका गाठायचा तर तो नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. मात्र नावाड्याला काठ दिसत असतो. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला यंत्रांच्या तबकड्यांखेरीज काहीच दिसत नाही. त्यांतही वेगमापक सांगतो तो हवेतला वेग, जमिनीवरचा नव्हे. होकायंत्र सांगते ती नाकाची दिशा, प्रत्यक्ष मार्गाची नव्हे. ही तफावत वाऱ्याची. हात आणि डोळे गुंतलेले असल्याने ती मनातच काढावी लागते.

त्यासाठी वैमानिक जी युक्ती योजतात, ती आपल्या पावकी-निमकीची आठवण करून देणारी आहे. इंदूरच्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरताना रोख सुमारे २५० अंशांचा असतो. वारा २८० अंशांकडून २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल, वेगाने येत आहे असे समजू. कोन झाला ३० अंशांचा. आता घड्याळ डोळ्यांपुढे आणावे: ३० मिनिटे म्हणजे अर्धा तास, म्हणून आडवा वारा निम्मा, १० नॉट. कोन ४५ अंशांचा असता तर पाऊणपट, ६० किंवा अधिक असता तर पुरता. विमानाचा वेग १२० नॉट, म्हणजे मिनिटाला २ मैल. दहाला दोनाने भागावे, उत्तर ५. नाक पाच अंश उजवीकडे, २५५ वर! कागदावरचे काटेकोर गणितही जवळजवळ हेच सांगते.

पण वारा काही स्थिर नसतो. जमिनीच्या घर्षणाने तो खाली मंदावतो, आणि आपल्या गोलार्धात उतरताना त्याची दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट सरकत जाते. वर जमलेले पाच अंश खाली जास्त ठरतात. सुई हलली की हिशेब पुन्हा मांडायचा.

समोरचा वारा तर अंतराचा अंदाजच बदलतो. वैमानिकाचा तो अंदाज चुकणे किती भयंकर, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जीव गेले. मार्गनिर्धारणातील चुकीमुळे मुंबई प्रत्यक्षाहून जवळ आहे असे वैमानिकाला वाटले आणि त्याने अकाली उतरायला आरंभ केला, असा निष्कर्ष निघाला. त्याचे खापर वाऱ्यावर फोडण्याचे कारण नाही. मैल आणि मिनिटे यांचा मेळ सतत घालत राहणे का आवश्यक, एवढे त्यातून कळते.

आज मोठ्या विमानांत वाऱ्याचा बाण आणि वेग पडद्यावर आयता दिसतो. तरीही शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे दिसू नये असा आडोसा डोळ्यांपुढे लावून छोट्या विमानात बसवतात, आणि शेजारचा शिक्षक मध्येच विचारतो, ‘‘वारा कोठून? किती?’’