राष्ट्रगीत आणि गप्प राहण्याचा हक्क

राष्ट्रगीताचा मान राखला नाही तरी चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटल्याचा समज आहे. तसे ते म्हणालेले नाही. केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत. श्रद्धेमुळे गात मात्र नसत. आरतीला हात जोडून उभा असलेला पाहुणा गायला नाही, तर त्याला कोणी अपमान म्हणत नाही. शाळेने मुलांना काढले, न्यायालयाने परत घ्यायला लावले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात (अनुच्छेद १९) गप्प राहणेही येते, आणि त्यावर बंधन घालायला कायदा लागतो. शिक्षण खात्याचे परिपत्रक (लेखी सूचना) पुरत नाही. इथे होते ते तेवढेच! राष्ट्रगीतात मुद्दाम व्यत्यय आणणे मात्र १९७१ च्या कायद्याने आजही गुन्हा आहे.