तलफ राहते कुठे?

केळशीच्या खाडीत होडी लागली की जाळं सोडवण्याआधी कुणीतरी चुन्याची डबी काढतो. तळहातावर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्यानं मळून एक थाप आणि बार ओठाआड. चुना नुसता झणका आणण्यासाठी नसतो. त्याच्या क्षारामुळे निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून भरभर रक्तात शिरतं. हे रसायनशास्त्र लोकांनी पुस्तकाविना साधलं, याचं मला नवल वाटतं.

मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या निरोप्यासाठी कुलपं असतात. निकोटीनची किल्ली त्यांना बसते. कुलूप उघडलं की डोपामिन सुटतं आणि मेंदू नोंद करतो: हे पुन्हा हवं. रोजच्या माऱ्यानं कुलपं बधिरतात, म्हणून मेंदू त्यांची संख्याच वाढवतो. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्मं होतं. रात्रभरात बरीच कुलपं रिकामी पडतात. सकाळी मशेरी लावल्याशिवाय डोकं चालत नाही, असं म्हणणारी आजी खोटं बोलत नाही. फक्त ती तरतरी म्हणजे बहुतांशी भागलेली तलफच असते.

२०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते, ओढणारे ३.८ टक्केच. आपली भिंतपत्रकं मात्र सिगारेटवर फुली मारण्यात गुंग.

तंबाखू सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस फार चिडचिडीचे. वाढलेली कुलपं काही आठवड्यांत कमी होतात. पण डबीची टकटक कानी पडली, की पुढेही कित्येक महिने हात आपसूक खिशाकडे जातो.